गुणी हिरव्या शाईचा शोध

मुलांनो, नगर म्हटलं की तुम्हाला काय काय आठवतं? कुणी म्हणेल चांदबिबीचा महाल, कुणी म्हणेल भुईकोट किल्ला. शिर्डी आणि शनिशिंगणापूर म्हणणारे तर घरोघर सापडतील. (२०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, ते या जिल्ह्यातल्या चौंडी गावी जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांच्या नावावरून. पण बोलताना तोंडात 'नगर'च येतं, म्हणून मीही इथे नगरच म्हणणार आहे.) आम्ही या सुट्टीत तिकडे गेलो ते मात्र यातलं काहीच पाहायला नव्हे. आम्हाला हवी होती एक बाटली शाई. आणि तीही हिरवी!

आम्ही म्हणजे मी आणि माझी नववीतली भाची. तिची आजी, म्हणजे तिच्या वडिलांची आई, नेवाशाजवळ राहतात. आजींना जात्यावरच्या ओव्या येतात. किती येतात ते त्यांनाही ठाऊक नाही. जातं आता पडवीच्या कोपऱ्यात पालथं पडलंय, त्यामुळे ओव्या फक्त आजींच्या डोक्यात. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे. आज आठवलेली ओवी उद्या आठवेलच असं नाही. म्हणून भाचीनं ठरवलं की महिनाभरात जेवढ्या जमतील तेवढ्या लिहून काढायच्या. तुम्ही म्हणाल, मोबाईलवर रेकॉर्ड करा की! ते केलंच. पण आजी चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत आणि त्यांना आपल्या ओव्या स्वतःच्या डोळ्यांनी वाचायच्या आहेत. त्यांना वहीच हवी.

बरं, मग हिरवी शाई कशाला? त्याचं असं झालं. ओवीतले कितीतरी शब्द भाचीला कळेनात. त्यांचे अर्थ लिहायला हवेत. शिवाय आजी मध्येच म्हणतात, "असं नाही गं, आमच्या माहेराला दुसरं म्हणायचे." तेही लिहायला हवं. मूळ ओवी आणि नंतरची टीप यांची सरमिसळ व्हायला नको, म्हणजे रंग वेगळा पाहिजे. लाल रंग तिनं पहिल्याच फटक्यात बाद केला. "लाल म्हणजे चूक, मामा. आणि आजीचं काही चुकलेलं नाहीये!" उरला हिरवा. लिहायचं होतं आजोबांच्या शाईच्या पेनानं. ते एका डब्यात जपून ठेवलेलं होतं, ड्रॉपरनं थेट पोटात शाई भरायचं जुनं पेन. आजोबा आता नाहीत. म्हणजे शाई अशी हवी की जी वहीला त्रास देणार नाही, पेनालाही देणार नाही आणि आजींना वाचता येईल. थोडक्यात, गुणी हवी.

माळीवाड्याच्या एस.टी. स्टँडवर उतरून आम्ही गावात शिरलो. नगरचा कापडबाजार आणि त्याच्या आजूबाजूचे रस्ते म्हणजे दुकानांची नुसती गर्दी. वह्या-पुस्तकांच्या एका जुन्या दुकानात हिरवी शाई मागितल्यावर दुकानदारकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुण्या साहेबांसाठी का?"

हा प्रश्न त्यांनी उगाच नाही विचारला. आपल्याकडे हिरवी शाई म्हणजे साहेबाची शाई असा पक्का समज आहे. दाखल्यांच्या झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची हिरवी सही तुमच्या आईबाबांनी नक्की पाहिली असेल. दिल्लीच्या केंद्रीय सचिवालयात तर कामकाजाच्या नियमपुस्तिकेतच लिहून ठेवलं आहे की टिपणं निळ्या किंवा काळ्या शाईत लिहावीत, हिरवी किंवा लाल शाई सहसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांनीच, तीही क्वचित वापरावी. हिशेब तपासणारे ऑडिटर हिरव्या खुणा करतात. परीक्षेच्या पेपरांवर पुष्कळ ठिकाणी परीक्षकाची शाई लाल आणि त्यांचं काम पुन्हा तपासणाऱ्या नियामकाची हिरवी असते. आणि गंमत ऐका. ब्रिटनच्या गुप्तहेर खात्याचे पहिले प्रमुख मॅन्सफिल्ड कमिंग हिरव्या शाईत नुसतं 'सी' हे अक्षर लिहून सही करत. तेव्हापासून आजवर त्या खात्याचा प्रमुख हिरव्या शाईतच सही करतो! चिली देशाचे कवी पाब्लो नेरुदा यांना १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळालं. तेही हिरव्या शाईनं लिहीत, आणि त्यांना कुणी साहेब म्हणत नव्हतं.

तेव्हा तुमच्या स्वतःच्या वहीत हिरवं लिहायला कुणाची बंदी नाही. परीक्षेत मात्र निळी किंवा काळीच, तिथे शहाणपणा नको.

काकांनी तीन निरनिराळ्या कारखान्यांच्या तीन बाटल्या काढल्या आणि चौथी एक चित्रकलेच्या शाईची. चौथी आम्ही तिथेच परत केली. चित्रकलेच्या शाईत लाख किंवा डिंकासारखा चिकट पदार्थ असतो. ती वाळली की कडक होते, पाण्यानं सुटत नाही. टाकाला किंवा कुंचल्याला ठीक, पण शाईच्या पेनात गेली की पेन कायमचं मुकं. पेनाच्या निबेला मधोमध चीर असते आणि खाली जीभ असते, तिच्यात केसासारख्या बारीक खाचा असतात. त्यांतून शाई आपोआप पुढे येते आणि तेवढीच हवा मागे जाते. दिव्याच्या वातीत तेल चढतं ना, तसाच प्रकार. या खाचा एकदा बुजल्या की संपलं.

पेनाच्या शाईत असतं तरी काय? बहुतेक सगळं पाणीच. त्यात विरघळणारा रंग, शाई सहज वाहावी म्हणून साबणासारखा एखादा पदार्थ अगदी थोडा, निबेवर लगेच वाळू नये म्हणून ग्लिसरिनसारखं काहीतरी आणि बुरशी धरू नये म्हणून औषध. हे प्रमाण जमलं की शाई गुणी, बिघडलं की द्वाड!

नेवाशाची गाडी दुपारनंतर होती, म्हणून मधल्या वेळात किल्ला पाहिला. (ओळखपत्र जवळ ठेवा बरं का.) खंदक ओलांडून आत गेलं की एक बैठी इमारत लागते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा ठराव झाला आणि इंग्रज सरकारनं काँग्रेसचे बारा पुढारी पकडून इथे आणून ठेवले. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव, सगळे इथेच. बाहेर सभा नाही, भाषण नाही. मग ही मंडळी लिहायला बसली. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हे जाडजूड पुस्तक १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत इथेच लिहिलं. मौलाना आझादांनी एका मित्राला पत्रं लिहिली. ती पाठवायची सोय नव्हती, म्हणून लिहून नुसती ठेवून दिली. सुटका झाल्यावर १९४६ साली त्यांचं 'गुबार-ए-खातिर' नावाचं पुस्तक झालं. त्यात या खोलीत घरटी बांधणाऱ्या चिमण्यांची गोष्टसुद्धा आहे! भाची बराच वेळ त्या खोलीच्या दारात उभी होती. "पत्र पोचणार नाही हे माहीत असताना लिहायचं," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी नेवाशाला पोचलो. नगरहून संभाजीनगरच्या रस्त्यावर साठेक किलोमीटर गेलं की नेवासा फाटा येतो, तिथून गाव आत आहे, प्रवरा नदीच्या काठी.

दुसऱ्या दिवशी शायांची परीक्षा सुरू झाली. आजोबांचं पेन डब्यातच. आधी एक स्वस्तातलं पेन आणलं, त्यात एकेक शाई भरायची, लिहून पाहायचं, पेन धुऊन पुढची भरायची. दोन कंपन्यांची शाई एकमेकींत कधी मिसळू नका, कधी कधी त्यांचा गाळ बनतो. आणि पेनातली उरलेली शाई परत बाटलीत ओतू नका, बाटलीभर शाई नासते.

पहिली बाटली दिसायला काय सुरेख! कोवळ्या पोपटाचा रंग. भाची तर प्रेमातच पडली. रात्री आजींना वाचायला दिलं, त्यांनी वही लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाल्या, "हे पोपटाचं पिल्लू दिवसा दिसतंय, रातच्याला कुठं दिसतंय?" बाद. फिकट हिरव्याची आणखी एक खोड म्हणजे झेरॉक्स काढली की अक्षरं पुसट येतात. ज्या वहीच्या प्रती आत्या-काकांच्या घरी जायच्या आहेत तिला ही शाई काय कामाची?

दुसरी चांगली गडद होती, लिहिता लिहिता वाळायची. पण शाळेच्या साध्या वहीवर तिची अक्षरं फुटली. रेषेला बारीक बारीक पाय फुटून अक्षर सुरवंटासारखं दिसायला लागलं, आणि पानाच्या मागे ठिपके उमटले. कागदात पटकन मुरते म्हणून पटकन वाळते, आणि मुरते म्हणूनच फुटते. एक गुण दुसऱ्या अवगुणाच्या पोटातून येतो तो असा. जाड, गुळगुळीत कागदावर ती बरी वागली, पण आमची वही ठरलेली होती. धुताना पाहिलं तर पेनाच्या पारदर्शक पोटाला हिरवा डागही राहिला. आजोबांच्या पेनाला हे चालणार नव्हतं.

तिसरी आंब्याच्या जून पानाच्या रंगाची. अक्षर फुटलं नाही, मागे उमटलं नाही. वाळायला मात्र वेळ. सावकाश वीस आकडे मोजेपर्यंत बोट लावायचं नाही, नाहीतर टीपकागद हाताशी ठेवायचा. रात्रभर टोपण लावून ठेवलेलं पेन सकाळी न झटकता चाललं. साध्या गार पाण्यात चार वेळा धुतल्यावर स्वच्छ निघालं. (पेन गरम पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये कधी धुऊ नका, जुनं प्लॅस्टिक खराब होतं.) आम्ही खूश. मग भाचीनं अक्षरांवर पाण्याचा एक थेंब टाकला. पाच मिनिटांनी टिपला, तर अक्षरांच्या जागी हिरवट ढग!

आता आली पंचाईत. पावसाळ्यात आजींचं घर गळतं. वही भिजली तर?

खरं सांगायचं तर शाईच्या पेनाच्या बहुतेक साध्या हिरव्या शाया पाण्यापुढे टिकत नाहीत, कारण त्यांचा रंगच पाण्यात विरघळणारा असतो. ज्यामुळे त्या पेनातून सहज धुतल्या जातात, त्यामुळेच कागदावरूनही धुतल्या जातात. दोन्ही मागून चालत नाही. म्हणून मी तिला सांगितलं की ओव्या लिहायच्या त्या पाण्याला टिकणाऱ्या काळ्या शाईत, दुसऱ्या पेनानं. टिपा तेवढ्या हिरव्या. उद्या वाईट वेळ आलीच तर टीप जाईल, ओवी राहील. तिला ते पटलं, पण चेहरा थोडा पडला. आजोबांच्या पेनानं ओव्या लिहायच्या होत्या ना!

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. फळ्यावर लिहायचा पांढरा खडू घ्या. खालच्या टोकापासून दोन बोटं वर हिरव्या शाईचा गोल पट्टा काढा. बशीत एक बोटभर पाणी घेऊन खडू उभा करा. पट्टा पाण्याच्या वर राहिला पाहिजे. पाणी खडूतून वर चढतं आणि रंगाला सोबत घेऊन जातं. आमच्या तिसऱ्या शाईतून वर पिवळा निघाला, खाली निळा राहिला. दुसरीत उलट. हिरवी शाई म्हणजे पुष्कळदा पिवळ्या आणि निळ्याची जोडी. कागदाच्या पट्ट्यावर लिहून, अर्धी पट्टी पुठ्ठ्यानं झाकून उन्हाच्या खिडकीत ठेवली तर जोडीतला एक आधी उडतो आणि दुसरा मागे राहतो. आमच्या पोपटी शाईचं तीन आठवड्यांत निळसर काहीतरी झालं. म्हणून हिरवं लिखाण उन्हात ठेवायचं नाही.

या प्रयोगाची युक्ती मिखाईल त्स्वेत नावाच्या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाची. झाडाच्या पानातला हिरवा रंग एकच आहे की अनेक, हे पाहण्यासाठी १९०३ च्या सुमारास त्यानं काचेच्या नळीत खडूची पूड भरून पानांचा अर्क त्यातून जाऊ दिला, आणि वेगवेगळ्या रंगांचे पट्टे दिसले. रशियन भाषेत 'त्स्वेत' या शब्दाचा अर्थच रंग!

नेवाशात राहून पैसाचा खांब पाहिला नाही असं कसं होईल? याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० साली. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं. आमच्या पडवीत तेच चाललं होतं म्हणा, आपल्या परीनं! खांबावर कोरलेला लेख आहे, तो देवाच्या दिव्याला तेल मिळावं म्हणून दिलेल्या दानाचा. त्या काळी दिव्याच्या काजळीतूनच शाई बनायची. काजळी, डिंक आणि पाणी एकत्र खूप घोटायचं. अशी काळी शाई शेकडो वर्षं टिकते, कारण काजळी म्हणजे कोळसाच. ती उन्हानं उडत नाही.

सच्चिदानंदबाबांच्या हातची पोथी आज आपल्याकडे नाही. लोकांनी नकलांवरून नकला केल्या, त्यात चुका आणि पदरचे शब्द शिरले. जवळजवळ तीनशे वर्षांनी, १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. कुणाचा शब्द कुठला हे वेगळं काढणं किती जड गेलं असेल, विचार करा. भाचीची दोन रंगांची कल्पना मला तिथे उभं असताना जास्तच आवडली.

जुन्या पोथ्यांत लिहिताना चूक झाली तर तिच्यावर हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजाचा लेप देत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यातूनच आला. (संपाचा हरताळ वेगळा हं.) आणि हाच विषारी हरताळ निळीत मिसळून आपले चित्रकार हिरवा रंग करत. बघा, पिवळा अधिक निळा, खडूवर दिसला तोच हिशेब! दुसरा एक हिरवा होता जंगाल. पितळेच्या भांड्यात दही ठेवलं की ते कळकतं ना, तसं तांब्यावर आंबट घालून मिळवलेला. दिसायला झळझळीत, पण कागदाला खाणारा. जगभरच्या जुन्या नकाशांत आणि चित्रांत जिथे जंगाल लावला तिथला कागद तपकिरी होऊन फाटलेला सापडतो. त्याच्यापुढे आमची पाण्याला भिणारी तिसरी बाटली म्हणजे अगदीच गरीब गाय.

आजींना शाईच्या या चर्चेचं भारी हसू येई. त्यांच्या शाळेत शाईची पूड पाण्यात कालवून दौती भरत. अशा पुड्या आणि गोळ्या 'हॉर्स ब्रँड' नावानं मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी १९३१ साली बनवायला सुरुवात केली होती. पुढे त्यांचा 'कॅमल' घराघरांत पोचला. "आमची तर दौत सांडली की परकर निळा आणि पाठ लाल," आजी म्हणाल्या.

दहाव्या दिवशी आजोबांच्या पेनात तिसरी हिरवी शाई भरली. भाचीनं ड्रॉपरनं अगदी मोजून, अर्ध्याच्या वर भरली. पेनाच्या आट्याला थोडं ग्रीस लावलं होतं, म्हणजे सांध्यातून शाई पाझरत नाही. पहिली दोन अक्षरं कोरडी गेली, तिसऱ्याला उठलं. मी पाहत होतो. आजी माझ्याहून जास्त लक्ष देऊन पाहत होत्या.

मी परतलो तेव्हा वहीत शहात्तर ओव्या झाल्या होत्या. काळ्या ओळींच्या खाली हिरव्या टिपा, प्रत्येक पानावर वीस आकडे मोजून मगच पान उलटायचं. परवा भाचीचा फोन आला. हिरव्या टिपा ओव्यांपेक्षा जास्त व्हायला लागल्यात. आजी आता वही स्वतः वाचतात, वाचताना शेजारणीला बोलावतात, आणि त्या शेजारणीच्या माहेरी पुन्हा तिसरंच काही म्हणत. आता त्या तिसरीसाठी कुठला रंग घ्यायचा, असं ती विचारत होती.